नखाचं टरफल

खुर्चीच्या पायाला मी गोणपाट गुंडाळलंय. आमची मांजर, मनी, त्यावर नखं घासते. काल त्याच्याखाली आईला एक नख सापडलं.

गावचं घर विकून आई दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे चौथ्या मजल्यावर राहायला आली. तिची बॅग अजून भरलेलीच होती. लागेल तेवढं काढायची आणि पुन्हा चेन लावायची.

“अगं, हिचं नख उपटलंय,” आई घाबरून म्हणाली.

मी मनीचा पंजा हलकेच दाबून दाखवला. आतून नवंकोरं नख बाहेर आलं, ओल्या तांदळासारखं चमकणारं. “वरचं टरफल पडतं नुसतं. खाली दुसरं तयार असतं.”

आई ते टरफल तळहातावर घेऊन बराच वेळ बसली. गळून पडलेलं तेवढं आपल्याला दिसतं, असं माझ्या मनात आलं.

दुपारी मनीला खेळवायला जुन्या साडीचा काठ हवा म्हणून आईने बॅग तळापर्यंत उपसली. पलंगभर साड्या पसरल्या. त्या बघत म्हणाली, “तुझ्या कपाटातला एक खण मला रिकामा करून दे.”

आज मनी त्या रिकाम्या बॅगेत झोपलीय. आई तिला उठवत नाही.