पातेलं मोजलं, आक्काला कोण मोजणार?

त्या दिवशी वरणात एक गाठ लागली. हरभऱ्याएवढी. दुसरं कुणी असतं तर गिळून मोकळं झालं असतं. मी दचकले. तशी मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते, पण वेणूआक्काच्या वरणात गाठ?

मेसमधले किस्से खरकट्या ताटांसारखे असतात. सकाळी घासून लावावेत, दुपारपर्यंत परत ढीग! त्या ढिगातलं हे पहिलं ताट.

मेस सुरतेत, उधन्याला, माझ्या मावशीची. बी.कॉम. झाल्यावर मी तिच्या हाताखाली लागले; स्वयंपाक वेणूआक्काकडे. जेवायला येणारे बहुतेक लूमवरचे कामगार, आपल्या खान्देशातले. पातेलं एवढं मोठं, की आक्का पाटावर उभी राहून लाकडी रवी दोन्ही हातांनी घुसळायची. गाठ लागली म्हणून मी आत डोकावले, तर ती एकाच हाताने घुसळत होती. उजवा हात पदराखाली!

"आक्का, हात दुखतोय?"

"माले काय व्हयनं? हात चांगला शे. डाळच जुनी शे!"

डॉक्टरांनी मात्र डाळीला दोष दिला नाही. घुसळणं बंद करा, नाहीतर खांदा जाईल, म्हणाले. आक्का एकटी बाई, गावाकडे कुणी नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "घोटनं बंद, मंग मीबी बंद."

मावशी मला म्हणाली, "मशीन आणू. तू शिकलेली आहेस, तूच निवड!"

बी.कॉम.ला ब्लेंडर नव्हता, हे कुणाला सांगणार?

*

पहिला प्रयोग घरच्या हँड ब्लेंडरवर. मावशीच्या सुनेच्या आहेरातला, लस्सीपुरता. वरणात घातला, तिसऱ्या मिनिटाला धूर!

"आग! आग!" ओरडत मी पळी हातात घेऊन थेट रस्त्यावर. माझ्यामागे अख्खी पंगत बाहेर. पण ताट एकानेही सोडलं नाही! आत आक्काने शांतपणे प्लग काढला.

पंगत पुन्हा बसली. एक जण भुरका मारून म्हणाला, "मावशी, आजची फोडणी झकास बसली हं!"

*

मग स्टेशनजवळचं हॉटेलच्या भांड्यांचं दुकान. शेठने लांब दांड्याचा ब्लेंडर बादलीभर पाण्यात फिरवून दाखवला. "जुओ बेन, केवुं फरे छे!"

पाणी काय, माझ्या बोटानेही फिरतं. पण हे बोलायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी शिजलेल्या डाळीचा डबा मांडीवर घेऊन रिक्षाने गेले.

शेठने डाळ मस्त घोटली. आणि कौतुकाने मशीन वर उचललं. चालू!

डाळ कॅलेंडरवर, डाळ माझ्या चष्म्यावर, डाळ शेठच्या पांढऱ्या शर्टावर. मी रडायच्या बेतात. शेठने मिशीवरची डाळ चाटली आणि विचारलं, "बेन, दाळ कोणे बनावी? सरस छे!"

*

ते मशीन चार दिवस ट्रायलला मिळालं. मावशीला उत्साह एवढा, की तिने भरताची भाजलेली वांगीही त्यातच घातली. आक्का लाकडी बडगीत वांगी ठेचते, ते मावशीने आयुष्यभर पाहिलंय, तरीही!

वांग्यांचा मलम झाला. पंगतीतल्या एका म्हाताऱ्याने बोट बुडवून पाहिलं. "पोरी, हे खायचं की गुडघ्याला लावायचं?"

आक्का त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मग मशीन उचलायला गेली, आणि तिचं हसू गेलं. सात किलो! पाटावर उभं राहूनही दांडा तिच्या हनुवटीला लागत होता.

मी तर ओढणीने पातेल्याची खोली मोजून, गाठ मारून नेली होती. दांडा अगदी बरोबर होता!

"पातेलं मोजं," आक्का म्हणाली, "माले कोन मोजी?"

*

मशीन परत करायला आक्काला बरोबर नेलं. शेठ मनाचा चांगला, पण बोलून गेला, "आना माटे माणस राखवो पडे. बाईनुं काम नथी." म्हणजे यासाठी गडीच ठेवा.

दुसऱ्या दिवशी आक्काने रवी घासली, पुसली आणि माझ्या हातात दिली. "हाई आते तू ठेव."

मावशीचे डोळे भरले, पण पंगत तर उपाशी ठेवता येत नाही. मला म्हणाली, "शनिवारी गावाकडून घोटायला माणूस येतोय. तोवर आक्काला झेपेल असं मशीन सापडलं, तर त्याला परत पाठवीन."

मी पुन्हा दुकानात. या वेळी ओढणीवर आक्काची उंची, पाटासकट! शेठने कॅटलॉग काढला. त्यात आखूड दांड्याचं एक मशीन होतं. पातेल्याच्या काठावर पट्टी बसवायची आणि मशीन तिच्यावर टेकवायचं. वजन पातेलं पेलणार, हाताने नुसतं फिरवायचं.

"खरंच एका हाताने होतं?"

"चालसे, बेन."

शेठचं 'चालसे' मी बादलीत पाहिलं होतं! ते मशीन वापरणाऱ्या कुणाचा तरी नंबर द्या, म्हणून अडूनच बसले. वापीच्या एका कँटीनचा मिळाला.

*

फोन करायची मला भीती वाटते. रिंग वाजत असताना कुणी उचलू नये, असं मी मनात म्हणते. या वेळी तसंच झालं! मंगळवारी नाही, बुधवारी नाही, गुरुवारी नाही, शुक्रवारी तर दोनदा नाही. पीसीओवाला म्हणाला, "ताई, ते कँटीन बंद पडलं असेल."

शनिवारी पुन्हा फोन करायला निघाले, तर आक्का चप्पल घालून दारात उभी. हातात कपड्यांची पिशवी. माझ्याबरोबर पीसीओपर्यंत आली. मेसमध्ये तो माणूस येऊन चहा पीत होता.

नंबर फिरवला. रिंग. रिंग. रिंग. मी ठेवणार, तेवढ्यात खट्! आणि कानात घर्रर्रर्र असा आवाज, की माझ्या हातून रिसीव्हर सुटता सुटता राहिला.

पलीकडून एक बाई ओरडत होती, "जरा जोर से बोलो बेन! एक हाथ में फोन है, दूसरे से दाल घोट रही हूँ!"

मी रिसीव्हर आक्काच्या कानाला लावला.