तायडे सरांची दुरुस्ती

तायडे सर लग्नाला आले की आहेर देण्याआधी माणूस शोधत. पंगतीवरून त्यांची नजर फिरे आणि एखादा जुना विद्यार्थी दिसला की ते थेट त्याच्यापुढे जाऊन उभे राहत. विद्यार्थ्याला टक्कल पडलेलं, शेजारी बायको, हातात वरणाची वाटी. सरांना त्याचं काही नाही. "काहून रे, पावसाचा ढग काळा काहून दिसते?" तो बिचारा शाळेत शिकलेलं घडाघडा सांगे. सर समाधानानं मान हलवत. "साफ चूक. मीच शिकवलं होतं. आता खरं आइक." वाढपी मुकाट पुढे सरकत, कारण सर आता लवकर हलणार नाहीत हे अख्ख्या अनसिंग गावाला ठाऊक होतं.

ती चूक मीही त्यांच्याच वर्गात बसून शिकले. सर खांद्यावरचा गमछा अर्धा बादलीत बुडवत. कोरडा भाग फिका, ओला भाग गडद. "पाह्यलं? ढगात पाणी भरलं का तोही असाच काळा पडते." इतकं छान शिकवलेलं चूक असेल, असं कुणाच्या मनात तरी येईल का? सरांच्याही निवृत्तीपर्यंत आलं नाही. मग लेकीनं त्यांना आपल्याकडे न्यायला नागपूरहून विमानात बसवलं. वरून पाहिलं तर खाली ढगांचा पांढराशुभ्र पसारा. उतरताना विमान त्यातच शिरलं, खाली आलं तर धो धो पाऊस आणि डोक्यावर तोच ढग, काळाकुट्ट. लोक बॅगा काढत होते आणि सर घामाघूम होऊन जागेवरच बसले होते. "ओला हाय म्हणून काळा, तर वरून गोरा कसा?" ते मला नंतर म्हणाले. "शोभा, माया गमछा तर दोन्हीकडून काळा दिसे!"

लेकीकडे राहून त्यांनी पुस्तकं पालथी घातली आणि परतले ते दुरुस्तीचं काम अंगावर घेऊनच. मी शिरपूरच्या शाळेत शिकवते आणि तसाच गमछा मीही वर्गात भिजवते, हे कळल्यावर सर लगेच एसटीनं हजर झाले. काखेत घरची उशी होती. उशीबद्दल घरी काकूंना विचारलं होतं का, हे मी विचारलं नाही.

मुलांना उन्हात बसवून सरांनी उशी उसवली. एका मुलीला मान वर करायला लावली आणि तिच्या तोंडावर कापसाचा पातळ थर धरला. "उजेड येऊन राह्यला का?"

"हो जी!" मग सर थरावर थर चढवत गेले. "आता?"

"अंधार झाला जी!" म्हणत ती सणसणीत शिंकली. बाकीची पोरं खिदळली.

"तुमी सांगा, वरून कापूस काळा झाला का?"

"नाही जी, पांढराच हाय!"

"बस, ढगाचं असंच हाय. त्यात पाण्याचे बारीक बारीक थेंब रायते. ऊन त्याइच्यावर आपटते अन् वर, बाजूले, जिकडे वाट भेटन तिकडे उडून जाते. ढग पातळ असला तर खालीही पोचते. पावसाचा ढग लय जाड. त्यातून खालपर्यंत जरासंच ऊन येते, म्हणून आपल्याले त्याचं पोट काळं दिसते. पाणी काई काळं नसते."

"मंग आमच्या मॅडमनं चूक शिकवलं?" एका पोरानं विचारलंच. मला धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं.

"तुमच्या मॅडमनं मायावर भरोसा ठेवला," सर म्हणाले. "चूक मायी. एकट्याची." शिक्षक असं बोलतो हे पोरांनी कधी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगते, मीही नव्हतं. त्या दिवशी मला सरांचा फार अभिमान वाटला.

असे एकेक करत सर सगळ्यांना गाठत गेले. फक्त रामदास सापडेना. आमच्या वर्गात गमछ्याचं दुसरं टोक धरायचा मान त्याचा असे. आता तो दिवाळीनंतर बायकापोरं घेऊन वीटभट्टीवर जाई. पावसाळ्यात गावी आला की सर त्याच्या वस्तीवर जात. दर वेळी दार लोटलेलं आणि शेजारीण सांगे, "आत्ताच गेला जी."

पुढे सरांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले तर धाप लागत असतानाही त्यांचं तेच. "सगळे झाले, शोभा. रामदासच राह्यला. त्याची पोरगीही तेच शिकून राह्यली असन."

"मी सांगीन त्याला, सर."

"तू नको. चूक मायी हाय, मीच सांगन." पण ते काही जमलं नाही. सर गेले.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला रामदास आला होता. बुद्धवंदना झाल्यावर मी त्याला गाठलं. "सर तुला किती शोधत होते रे!"

"मले मालूम हाय, शोभाताई." त्याची नजर जमिनीवर होती. "ते आले का मीच मागच्या दारानं निंघून जाओ. पोरीची शाळा सोडवून तिले भट्टीवर नेलं ना म्या. मले वाटे, सर रागवाले येऊन राह्यले."

"रागवायला नाही रे. ढगाचं आपल्याला चुकीचं शिकवलं होतं, ते कबूल करायला येत होते."

"मायाजवळ?" रामदास माझ्याकडे बघतच राहिला. "त्याइची चूक सांगाले, माया घरी?" बाहीनं डोळे पुसून त्यानं मांडवाच्या टोकाशी उभ्या असलेल्या पोरीला हाक मारली आणि खांद्याला धरून तिला माझ्यापुढे उभं केलं.

"हिले सांगा, ताई," तो म्हणाला. "यंदा भट्टीवर मी एकलाच जाईन."