गिरणीवाल्या अक्का

अक्का कोणत्याच दारातून सरळ आत आल्या नाहीत, वाकूनच आल्या. गावातली सगळी दारं त्यांच्यापेक्षा बुटकी होती. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भाताचं भरलेलं पोतं पाठीवर घेऊन त्या गिरणीच्या पायऱ्या चढत होत्या आणि चढता चढता मागच्या बाईला तिच्या सुनेच्या बाळंतपणाबद्दल विचारत होत्या. धाप नाही, थांबणं नाही. माझी बँकेतली ती पहिली नोकरी आणि कोथरूडबाहेर राहायचीही पहिलीच वेळ. सह्याद्रीच्या पायथ्याचं लहानसं गाव, एक बाजारपेठ, भाताची खाचरं आणि मागे भिंतीसारखा उभा डोंगर. गिरणीच्या मागची खोली मला भाड्याने मिळाली. माझी बॅग अक्कांनी एका हाताने उचलली आणि म्हणाल्या, "एवढंच व्हय? मला वाटलं, पुण्याची माणसं घर घेऊनच येत्यात."

गिरणीच्या धडधडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांचा आवाज कायम चढा. वीज गेली, गिरणी थांबली, तरी तो खाली येत नसे. त्यांनी कुणाच्या कानात काही सांगितलं की ते पेठेच्या टोकापर्यंत कळे. नवरा तरुणपणीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. गिरणी त्यांनी एकटीने चालवली आणि तिथली रांग कुणालाही मोडू दिली नाही. एकदा सरपंचांचा पुतण्या पोतं घेऊन थेट पुढे घुसला. अक्का म्हणाल्या, "तू सरपंचाचा हायेस ते मला ठाऊक हाय. तुझ्या भाताला ठाऊक न्हाय. त्याला मागं उभं कर." पोतं मागे गेलं. त्याच्यामागून पुतण्याही गेला.

वस्तीच्या वर, डोंगराच्या उतारावर, त्यांची आमराई होती. नवऱ्याने लावलेली आणि तो गेल्यावर अक्कांनी खालच्या विहिरीचं पाणी डोक्यावरून वाहून जगवलेली. संध्याकाळी गिरणी बंद झाली की त्या तिकडे जायच्या. "रोज काय करता तिथे?" असं मी एकदा विचारलं.

"बसते की," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यापाशी."

त्या वर्षी चैत्रात, भर दुपारी, डोंगर पेटला. वाळलेलं गवत आणि सुटलेला वारा. बघता बघता वणवा वस्तीकडे उतरू लागला. लोक घरातली भांडीकुंडी बाहेर काढत होते, गुरं सोडत होते. अक्कांनी गिरणी बंद केली, रिकामी पोती हौदात बुचकळली आणि चढाला लागल्या. त्या आगीकडे चालल्या आहेत हे पाहिल्यावर बाकीचे कोयते, फावडी घेऊन मागून निघाले. एक ओलं पोतं माझ्याही हातात आलं.

गवत कापून मोकळा पट्टा काढायचा, म्हणजे आग तिथे अडते. पण आग फार जवळ आली होती. आमराईच्या वर पट्टा काढण्याइतका वेळ उरला नव्हता. हे सगळ्यांना दिसत होतं आणि जो तो अक्कांकडे बघत होता.

"माझ्या तोंडाकडं काय बघताय?" अक्का ओरडल्या. "झाडं जाऊ द्या. हितनं, खालनं काढा." आणि पहिला कोयता त्यांनीच चालवला.

पट्ट्यापाशी आग आली तेव्हा आम्ही ओल्या पोत्यांनी तिला झोडपत होतो. घशात धूर, डोळ्यांना धारा. ती तिथेच विझली. वस्तीतलं एकही घर जळलं नाही. वर आंब्याची झाडं, कैऱ्यांनी लगडलेली, तडतडत होती. मला मान फिरवल्यावाचून राहवलं नाही. अक्कांनी एकदाही वर पाहिलं नाही.

आग वस्तीतल्याच सोपान नावाच्या तरुणाने लावली होती. पावसात गवत चांगलं फुटावं म्हणून आपल्या तुकड्यावरचं जुनं गवत त्याने पेटवलं आणि वाऱ्याने ते हातातून गेलं. संध्याकाळी लोकांनी त्याला धरून पारापाशी आणलं. काठ्या होत्या. माणसं तापलेली होती. अक्का आल्या. भुवया जळालेल्या, लुगड्याला ठिकठिकाणी भोकं पडलेली. गर्दी बाजूला झाली. त्यांनी सोपानच्या अशी एक थोबाडीत दिली की तो खालीच बसला. मग त्या लोकांकडे वळल्या.

"माझं जळलं, मी मारलं. आता कुणी ह्याला हात लावायचा न्हाय." आणि सोपानला म्हणाल्या, "पाऊस पडला की खड्डे काढायला ये."

तो आला. खड्डे काढले, रोपं लावली आणि पुढचे उन्हाळे त्याच विहिरीचं पाणी वर नेत राहिला. दोघं एकमेकांशी फारसं बोलताना मला दिसले नाहीत.

माझी पुण्याला बदली झाली. बऱ्याच वर्षांनी हृदयाच्या दुखण्यासाठी अक्का आमच्याकडे कोथरूडला येऊन राहिल्या. त्यांचा आवाज ऐकून शेजारचे काका जिन्यात म्हणाले, "पाहुण्या माइक घेऊन आल्यात वाटतं?"

"न्हाय हो," आतून उत्तर आलं, "माइक गावीच राहिला. उद्या मागवते." त्यानंतर काका रोज सकाळी चहाला येऊ लागले.

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय फार थकलंय, ऑपरेशन झेपणार नाही. अक्का म्हणाल्या, "मग घरी जाते." निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसलो होतो. इतकी वर्षं मनात राहिलेलं मी विचारलं, "अक्का, वणवा लागला त्या दिवशी तुम्ही इतक्या शांत कशा राहिलात?"

"शांत?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज खाली आलेला ऐकला. "अगं, त्याला जिवंत सोडायचं न्हाय, ह्याच मनानं पारावर गेले होते मी. एक मारली. दुसरीला हात उचलला तर तो आपल्या तोंडावर हात धरीना. मार म्हणत होता. उचललेला हात खाली घ्यायला मला जेवढं बळ लागलं ना पोरी, तेवढं कुठल्या पोत्याला लागलं न्हाय."



दुसऱ्या दिवशी सोपान जीप घेऊन आला. केस पिकलेले, अंगावर धुवट सदरा. चहा घे म्हटलं तर उंबऱ्याशीच उभा राहिला. अक्कांना जिना उतरवेना, लिफ्टची त्यांना भीती. सोपानने त्यांना पाठीवर घेतलं आणि त्या एवढ्या थोरल्या बाईला सावकाश, एकेक पायरी जपत खाली नेलं. "हळू रे, मी भात न्हाय," अक्का अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असं म्हणाल्या.

पावसाच्या तोंडावर फोन आला. सोपानचाच. "अक्का गेल्या," एवढंच म्हणाला. पुढे काही बोलेना, पण फोनही ठेवेना. मीही ठेवला नाही.