काळा दगड पडवीत परत हवा

गेल्या मंगळवारी, सोळा तारखेला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागाच्या पडवीतला काळा दगड उचलून सायकल स्टँडमागच्या राडारोड्यात टाकण्यात आला. ज्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे, त्या जाधव सरांच्या नावाची चकचकीत पाटी तिथे बसवायची होती. मी समोरच उभी होते. गौरव समितीचे चिटणीस म्हणाले, "बाई, दगडच तो! देखणा तेवढा ठेवलाय की."

देखणा म्हणजे शेजारचा गुलाबी ग्रॅनाइट. या जोडीपाशीच माझी सरांशी ओळख झाली. मी मांडवीची, कॉन्व्हेंटात शिकलेली, इंग्रजी शिकवायला नुकतीच रुजू झालेली. काळ्या दगडावर पर्स ठेवून मी विचारले, "यांत बघण्यासारखं काय असतं हो?"

सरांनी खिशातून खडीसाखर काढली. "पाक गार ताटात ओतला की लगेच आळतो, कण दिसत नाहीत. तसा हा बेसॉल्ट. जमिनीवर आला आणि निवला. तोच पाक दिवसेंदिवस न हलवता ठेवला की हे असे खडे. तसा ग्रॅनाइट, खोल पोटात सावकाश निवलेला. रसही वेगळे, बरं का. काळ्यात लोह जास्त, गुलाबीत गारगोटीचा अंश जास्त. आता डोळे मिटा आणि दोघांवर हात ठेवा."

मी ठेवले. डाव्या हाताखाली भुई उकलत होती, आगीचे थर थरांवर पसरत होते, आणि पाहायला कुणी नव्हते. मांडवीचा समुद्रही नव्हता. उजव्या हाताखाली गडद अंधार, आणि त्यात एकेक कण दुसऱ्याला शोधत हळूहळू मोठा होत होता. घंटा झाली तेव्हा माझा अर्धा तास बुडाला होता. आयुष्यात तेवढाच.

काळा दगड सावर्ड्याजवळच्या खाणीतला. तिथे सरांच्या आई खडी फोडत. मुलगा प्राध्यापक झाला तेव्हा त्यांनी तो निवडून दिला आणि म्हणाल्या, "ह्यो फोडायचा नाय. ह्यो वाचायचा." स्वतः त्यांना अक्षर येत नव्हते. सरांनी तो चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना वाचायला शिकवला.

एकदा प्राचार्यांशी भांडून मी राजीनामा लिहिला. सरांनी तो खिशात घातला. "मॅडम, तुम्ही बेसॉल्ट. वर आलात की निवता. संध्याकाळी मागा, देईन." मी मागितला नाही. त्यांनीही पुढे कधी विषय काढला नाही.

मंगळवारी मी सरांना फोन केला. ते हसले. "असू दे हो. कोट्यवधी वर्षं काढली त्याने, तिथेही चार दिवस काढील." मग हळूच म्हणाले, "पालथा नाही ना पडला?"

पालथाच पडला आहे, सर. तेव्हा मला सांगवले नाही.

सत्कार शनिवारी आहे. सोमवारी त्या राडारोड्यावर रोलर फिरणार आहे. सरांना निरोगी शंभरी लाभो, गुडघे साथ देवोत, आणि रोज सकाळी त्या पडवीत दोन्ही दगडांवर हात ठेवून डोळे मिटता येवोत. हारतुऱ्यांनी यातले शेवटचे होणार नाही. दगड केव्हा परत ठेवणार, हे समितीने मला रविवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावे. तोंडी आश्वासन चालणार नाही. या खेपेस मी निवलेली नाही.