पाण्याची बैठक

आमच्या पाटबंधारे ऑफिसातल्या सगळ्या बैठका आमचे कारकून बाबूच लावायचे. कॉम्प्युटरच्या कॅलेंडरवरून आमंत्रण पाठवलं की लगेच एकेकाला फोन करायचे, "भेटलं ना? येऊन राहिले ना?" बैठकीत मात्र ते दाराशी उभे असायचे. कुणाला चहा हवा, कुणाला पाणी, एवढंच बघायचे. तोंडातून शब्द काढायचे नाहीत.

निवृत्तीच्या आठवड्यात ते सगळ्या बैठका माझ्या नावावर करत बसले. "माझं खातं बंद झालं त बैठकाही जातीन, मॅडम. मग लोक कायले येतीन?" प्रत्येक बैठकीत आयोजक म्हणून माझं नाव टाकायचं आणि स्वतःचं काढायचं, असं चाललं होतं.

चोरखमारा तलावाच्या पाण्याच्या बैठकीत तेवढं त्यांचं नाव आमंत्रितांमध्ये दिसलं, घरच्या ईमेलसह. चुकून राहिलं असेल असं मला वाटलं, पण मी ते तसंच राहू दिलं.

बैठकीच्या दिवशी बाबू आले. दाराशी थांबले नाहीत, सरळ शेतकऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले. त्यांची पाळी आली तेव्हा उठून साहेबांना म्हणाले,

"माह्या धानाच्या बांधीले कधीपासूनच पाणी पोचून नाही राहिलं, साहेब. आजपर्यंत बैठक मीच लावत होतो. बोलू कसा?"