दिवसाची वीज स्वस्त

आमच्या घरात बारा वर्षं दिवसा रात्र असायची. ह्यांची ड्युटी कळंबोलीच्या लोखंड बाजारात, तीही रात्रपाळीची. ट्रक रात्री लागतात, म्हणून माल चढवायचा तोही रात्रीच. सळयांच्या मोळ्यांना तार गुंडाळायची, ती क्रेनच्या हुकात अडकवायची आणि हात वर करून इशारा द्यायचा, हे ह्यांचं काम. सकाळी आठला घरी यायचे. आंघोळ, गरम भाकरी, आणि नऊला झोपले की चारपर्यंत उठायचे नाहीत. करंजाड्यातला आमचा फ्लॅट म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर. मी पडदे ओढून घ्यायचे, बेल बंद करायचे, कुकरसुद्धा हे यायच्या आत लावून मोकळी व्हायचे. एका कुरिअरवाल्याने दारात मोठ्याने हाक मारली म्हणून त्याला असा झापला होता, की पुढे तो पार्सल खाली वॉचमनकडेच टाकून पळायचा. नवऱ्याची झोप मी राखते याचा मला गर्व होता, खोटं कशाला सांगू.

माझी घरघंटी, म्हणजे घरातच दळायची विजेची चक्की, संध्याकाळी चालायची. इमारतीतल्या आठ-दहा घरांचं दळण मी करायचे, जास्त करून भाकरीचे तांदूळ. हे चारला उठायचे, चहा व्हायचा. सहाला घंटी लावली की हे बाजूला बसून पिठाच्या पिशव्यांची तोंडं बांधायचे. त्या घरघरीत बोलणं काही व्हायचं नाही. पण आठला डबा घेऊन निघेपर्यंत तेवढे दोन तास आम्ही एका जागी असायचो.

मग विजेचे दर वाढले. एकदा वाढले, आम्ही कुरकुर केली आणि भरलं. पुन्हा वाढले तेव्हा माझं डोकं फिरलं. त्याच सुमारास इमारतीत नवे मीटर बसले. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीने माझ्या मोबाईलवर ॲप टाकून दिलं आणि दाखवलं, की काकू, आता तासातासाचा हिशोब दिसतो, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग. माझी घंटी नेमकी संध्याकाळचीच. म्हणजे इतके दिवस मी महागाचं पीठ पाडत होते! मला कोणीतरी भर बाजारात फसवल्यासारखं झालं.

मी एक आठवडा संध्याकाळी दळलं आणि एक आठवडा दुपारी, आणि ॲपमधल्या उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. फरक होता. फार नव्हता, पण होता. आई म्हणायची, दात कोरून पोट भरत नाही. पण मला पोट कुठे भरायचं होतं? घरात चणचण नव्हती. मला त्या मीटरला हरवायचं होतं. मेलं कोणी तरी वर बसून दर वाढवतं आणि आपण गुमान भरायचं, हे मला सहन होईना.

ह्यांना विचारलं नाही असंही नाही. चहा देताना म्हटलं, दुपारी घंटी लावली तर चालेल का, दार लोटून घेईन. कोन या गावच्या घरातली बोली ह्यांच्या तोंडातून कधी गेली नाही. म्हणाले, "लाव की. माजं काय, मी पडलो की मेलो." मला तेच ऐकायचं होतं. म्हणून मी तेवढंच ऐकलं, तोंडाकडे बघितलं नाही.

एक दार लोटून घंटीचा आवाज अडतो होय? भिंतीला हात लावला तरी ती थरथरायची. घंटीमागून वॉशिंग मशीनही दुपारवर आणलं, मिक्सर आणला, इस्त्री आणली. नऊच्या ठोक्याला मी कामाला लागायचे ती पाचला थांबायचे. बारा वर्षं ज्या माणसासाठी मी पाय न वाजवता चालले, त्याच्या उशाशी मी कारखाना काढला. सुरुवातीला हे कानात कापूस घालून झोपायचे. मला हसू यायचं, मी चिडवायचे, की कान फुटलेल्या पोरासारखे दिसताय. हे पण हसायचे. मग तीनलाच उठायला लागले, मग दोनला. म्हणायचे, झाली झोप, वय झालं आता.

महिना संपला की मी बिल उघडायचे आणि मागच्या महिन्याचं बाजूला ठेवून दाखवायचे. बघा, किती उतरलं! आणि दिवसभर घंटी चालते म्हणताना दळणंही वाढली होती. पलीकडच्या इमारतीतूनही डबे यायला लागले. माझा जम बसत होता, आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं.

उन्हाळ्यात ह्यांनी सांगितलं, की आता सकाळी घरी येत नाही, तिथेच शेडमध्ये पडतो, येण्याजाण्यात ऊन लागतं. संध्याकाळी येऊन आंघोळ करून डबा घेऊन जायचे. बायकोला वाईट वाटायला हवं ना? मला बरं वाटलं. आता दार लोटायचीही गरज नाही म्हणून मी जास्त वेळ चालणारी नाचणीची दळणंसुद्धा घ्यायला लागले. आज हे लिहिताना माझी मलाच शरम वाटते.

पाऊस संपता संपता एका पहाटे फोन आला. मोळी उचलली जात असताना ह्यांचा डावा हात तारेखाली राहिला होता. क्रेनवाल्याची चूक नव्हती. ह्यांनीच उजवा हात वर करून इशारा दिला होता, डावा काढायच्या आधी. बारा वर्षांत जे एकदाही झालं नाही ते झालं. मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा हात बांधून झाला होता. तीन बोटं गेली होती.

ह्यांच्याबरोबर काम करणारा एकजण बाहेर बाकावर बसला होता. तोच घेऊन आला होता. मी त्याला विचारलं, एवढ्या जुन्या माणसाच्या हातून असं कसं होतं?  तो म्हणाला, "वहिनी, चार महिने झाले, तो धड झोपला नाही." शेडमध्ये दिवसा पत्रा तापतो, म्हणून हे उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये पडायचे. ड्रायव्हर आला की उठायचे आणि दुसरा ट्रक शोधायचे. घरी का जात नाहीस म्हणून त्याने विचारलं होतं. ह्यांनी सांगितलं होतं, घरी बायकोची घंटी असते, तिचा धंदा नीट लागतोय, मध्ये कशाला पडू.

मी तिथे रडले नाही. रडायला तरी तोंड कुठे होतं मला? घरी आले आणि घंटीची वायर काढली. दळणाचे डबे ज्याचे त्याला परत दिले. कोणी विचारलं तर सांगितलं, मशीन बिघडलंय.

हे घरी आले. लोखंडाचं ते काम आता ह्यांना जमणार नाही, हे आम्हा दोघांनाही कोणी न सांगता कळलं होतं. पंधरा दिवस मी जेवण भरवलं, पट्ट्या बदलल्या, पण विचारायचं धाडस होईना. एके दिवशी दुपारी पट्टी सोडताना मात्र राहवलं नाही. म्हटलं, अहो, एका शब्दाने बोलला असता तर त्याच क्षणी बंद केली असती मी. का नाही बोललात?

ह्यांनी उघडा हात उशीवर ठेवला.

"बोलनार होतो. पयलं बिल उतरलं त्या दिवशी उठून बाहेर पन आलो. तर तूच पळत आलीस बिल दाखवायला. हसत होतीस. लग्न झाल्यापासून तुला येवढी हसताना मी बघितली नवती. म्हटलं, आपली झोप काय, मिळंल कवातरी."

 औषध लावलं, नवी पट्टी बांधली, पडदे ओढले, आणि म्हटलं, झोपा आता, काही आवाज होणार नाही. हे भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी दाराशी बसून राहिले. पाच वाजेपर्यंत घरात चिटपाखराचाही आवाज नव्हता, आणि हे जागेच होते. अजूनही दिवसा काय नि रात्री काय, ह्यांना झोप येत नाही.