पास्कोलच्या टाकीतली हवा

पास्कोल म्हणजे माझा नवरा. बाईने नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण तो आता वर आहे आणि माझी नजर गेलीय, तेव्हा भांडायला कोण येणार? समुद्रकाठचा माणूस, पण होडीत पाय ठेवला की उलटी. म्हणून त्याचे भाऊ समुद्रावर गेले आणि हा शेठच्या भात कांडायच्या गिरणीवर.

तिथलं इंजिन एवढं थोरलं की हाताने फिरवून चालू होत नसे. शेजारी एक लोखंडाची टाकी होती. संध्याकाळी इंजिन बंद करण्याआधी तिच्यात हवा कोंबून भरायची आणि तोटी आवळायची. सकाळी तीच हवा इंजिनात सोडली की चाकाला पहिला धक्का बसायचा. टाकी भरली की नाही हे पास्कोल बोटाने टकटक करून सांगे. डॉक्टर पोट तपासतो ना, तसा.

लढाईच्या दुसऱ्या वर्षी शेठने तारोडी गावचा बेनेडिक्ट इंजिनावर ठेवला. मुंबईच्या गोदीत शिकून आलेला, नखं स्वच्छ, बोलणं गोड. त्याने शेठला सांगून टाकीला हवेचा जोर दाखवणारी काट्याची तबकडी बसवून घेतली. संध्याकाळी पास्कोलने टाकी भरायची आणि सकाळी बेनेडिक्टने इंजिन चालू करायचं, असं ठरलं. त्यातच माझी नणंद आयडा त्याला पसंत पडली आणि लग्न ठरलं. सासूबाई जावयाचे गुण गायला लागल्या. जेवताना म्हणायच्या, बेनेडिक्टच्या शर्टाला तेलाचा डाग न्हाय बघ. पास्कोल ताटाखाली हात लपवायचा. बोंबलाचं कालवण त्याला कडू लागायचं, आणि ते मी केलेलं असायचं, म्हणून मलाही राग यायचा.

एका गार सकाळी इंजिन चालू झालंच नाही. हवा कमी पडली. बेनेडिक्ट सगळ्यांदेखत म्हणाला, "पास्कोलभाव, काल टाकी अर्धवट भरली का?"

पास्कोलने तर काटा खुणेवर आणून ठेवला होता. म्हणजे हवा कोणी सोडली? ज्याच्याकडे सकाळची किल्ली त्यानेच. मला खाली पाडून माझी जागा घ्यायचीय त्याला, असं पास्कोल घरी येऊन म्हणाला. त्या दिवसापासून तो संध्याकाळी काटा बघे आणि सकाळी बेनेडिक्टच्या आधी जाऊन पुन्हा बघे. काटा रोज खाली. एकदा त्याने तोटीला सुतळी बांधली, चर्चमधल्या मेणबत्तीचं मेण तिच्यावर ओतलं आणि अंगठा उठवला. सकाळी मेण शाबूत, अंगठा शाबूत, काटा खाली.

दुसरा माणूस म्हणाला असता, चोर न्हाय. पास्कोल म्हणाला, "शिकलेला चोर हाय."

मी म्हटलं, तबकडी नव्हती तेव्हा चोरी नव्हती.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये मिसाच्या, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी वधूवरांची नावं वाचतात आणि कोणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. दोन रविवार झाले होते. पास्कोलने मला सांगितलं की तिसऱ्याला तो उठून उभा राहणार. चोराच्या घरी बहीण देणार नाही. आयडाच्या कानावर ते गेलं. ती तांदूळ निवडत बसली, खडे ठेवून तांदूळ फेकत.

लग्नासाठी मांस लोणच्यात मुरवायचं म्हणून शुक्रवारी डुक्कर कापलं. त्याचं मूत्राशय धुऊन फुगवायचं आणि पोरांना चेंडू करून द्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. फुगवलं पास्कोलनेच. गाठही त्याचीच, इंजिनवाल्याची, दातांनी ओढून मारलेली. दुपारी उन्हात ते ढोलासारखं ताठ झालं. मी ते पोरांच्या हातून काढून पडवीत उंच टांगून ठेवलं, लग्नाआधी फुटायला नको म्हणून.

शनिवारी पहाटे गारठा होता. पास्कोल पडवीत आला आणि वर बघत उभा राहिला. चेंडू म्हातारीच्या गालासारखा बसला होता.

"हात कोणी लावला याला?"

"कोणी न्हाय. गाठ बघा तुमची."

त्याने गाठ बघितली. तशीच होती.

"बेनेडिक्ट आला होता?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी चूल फुंकायला आत गेले. तो चेंडू घेऊन मागून आला. चुलीच्या धगीला जरा लांबून धरून बसला, भाकरी फिरवावी तसा फिरवत. चेंडू हळूहळू टरारला. कोणी फुंकलं नाही, गाठ सुटली नाही. मग तो बाहेर गारठ्यात घेऊन गेला. पुन्हा सैल. पुन्हा आत. माझा चहा उकळून आटला तरी त्याचं चालूच.

शेवटी मला म्हणाला, "मी टाकी भरतो तेव्हा ती हाताला चटका देते, कॉने."

"आणि सकाळी?"

"सकाळी थंडगार."

हवा तेवढीच, गरम झाली की ती भिंतीला जोर लावते, गार झाली की जोर सोडते. हे त्याने मला सांगितलं नाही. चेंडू माझ्या मांडीवर ठेवला आणि गेला.

रविवारी फादरनी नावं वाचली आणि हरकत विचारली. आयडाने माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. पास्कोल खोकला. सगळं चर्च वळून बघायला लागलं. तो रुमाल काढून तोंड पुसत बसून राहिला. नखं सुटली.

पण हेवा असा खोकल्यासरशी जातो होय? सोमवारी तो बेनेडिक्टच्या आधी गिरणीवर गेला, पाणी तापवलं, गोणपाटं भिजवून टाकीला गुंडाळली आणि वरून आणखी ओतत राहिला. काटा थोडा वर सरकला. बेनेडिक्ट आला, त्याने हवा सोडली, चाक पहिल्या धक्क्यात फिरलं.

बेनेडिक्ट म्हणाला, "पास्कोलभाव, हे मला गोदीत कोणी दाखवलं नव्हतं."

पास्कोलने काळे हात पुसलेसुद्धा नाहीत. म्हणाला, "मला सांगू नको. घरी ये आणि आयसमोर सांग."

बेनेडिक्ट आला, आणि त्याने सांगितलं. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, माझा जावई किती मोठ्या मनाचा हाय बघ.